यंत्राला आंबा दिसत नव्हता: एका उन्हाळी कोडिंग शिबिराचं प्रकरण

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातलं आहे. गावाचं आणि वाचनालयाचं नाव दिलेलं नाही, आणि मुलं ओळखू येतील असे तपशील थोडे बदलले आहेत. मी त्या वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आहे. शिबिराचं काम माझ्याकडेच होतं, त्यामुळे पुढे ज्या चुका येतील त्यातल्या निम्म्या तरी माझ्या आहेत.

## पार्श्वभूमी

वाचनालयात दर मे महिन्यात मुलांचा छंदवर्ग भरतो. हस्ताक्षर, वारली चित्रं, बुद्धिबळ आणि शेवटच्या दिवशी भेळ. गेली काही वर्षं पालक विचारू लागले होते, "कोडिंग-बिडिंग काही नाही का?" प्रश्न आपोआप आलेला नव्हता. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम असावेत असं आलं. त्याच वर्षी टाळेबंदीत मुलांना घरबसल्या कोडिंग शिकवणाऱ्या जाहिरातींचा धडाका होता. त्यातल्या काही तर भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या सांगण्यावरून मागे घ्याव्या लागल्या. जाहिराती गेल्या, पण त्यांनी पेरलेली धास्ती मागे राहिली. मग चॅटजीपीटी आलं, विचारलं की उत्तर लिहून देणारा चॅटबॉट, आणि धास्तीला नवं नाव मिळालं.

आम्ही दहा दिवसांचं शिबीर ठरवलं. सकाळी नऊ ते बारा, पाचवी ते नववी, फी ८०० रुपये. पुण्यात नोकरी करणाऱ्या गावच्याच एकाने त्याच्या ऑफिसातले जुने आठ लॅपटॉप मिळवून दिले. आणखी हवे होते म्हणून मी एक शक्कल काढली: घरचा लॅपटॉप आणणाऱ्याला फीत २०० रुपयांची सूट. चौघांनी आणले. एकूण बारा झाले आणि मी स्वतःवर खूश झालो. ही शक्कल पुढे कशी अंगाशी आली ते येईलच.

शिकवायला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला एक दादा आणि एक ताई. सोबत जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. त्यांना आम्ही "मुलांवर लक्ष ठेवायला" म्हणून बोलावलं होतं. हे शब्द आज लिहितानाही खजील व्हायला होतं.

बेत असा होता: पहिले पाच दिवस स्क्रॅच, नंतर तीन दिवस टीचेबल मशीन, एक दिवस चॅटबॉट आणि दहाव्या दिवशी पालकांसमोर प्रदर्शन. स्क्रॅच ही अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबने २००७ साली सगळ्यांसाठी खुली केलेली मुलांची प्रोग्रॅमिंगची भाषा. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे, टंकलेखन जवळजवळ नाही, आणि संगणकावर उतरवून घेतलं की इंटरनेटशिवायही चालतं. टीचेबल मशीन हे गूगलचं फुकट साधन. कॅमेऱ्यासमोर वस्तूंचे नमुने दाखवायचे, त्यांना नावं द्यायची, आणि यंत्र त्यांतला फरक ओळखायला शिकतं.

साधनं दोन्ही चांगली होती. पत्रकावर मात्र आम्ही छापलं: "दहा दिवसांत स्वतःचं एआय ॲप बनवा!" मजकूर कार्यकारिणीतल्या एका उत्साही तरुणाचा होता. मी वाचून होकार दिला होता.

## अडचण

छत्तीस मुलं आली. बारा लॅपटॉप, म्हणजे एकेकावर तिघं.

चौथ्या दिवशी दादा तावातावाने आला. नववीतल्या पाच मुलांना स्क्रॅच "बाळबोध" वाटलं म्हणून त्याने त्यांना पायथॉन, म्हणजे ओळी टाइप करून लिहायची प्रोग्रॅमिंगची भाषा, दिलं होतं. एका दिवसात पाचही जणांचा पडद्यावर फळीने चेंडू टोलवायचा खेळ तयार होता आणि पाचही खेळ जुळ्या भावंडांसारखे होते. खिशातल्या फोनवर चॅटबॉटला विचारून त्यांनी सगळं जसंच्या तसं उतरवलं होतं. बाई त्यातल्या एकाच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "छान झालंय. चेंडू जरा हळू कर बरं."

मुलाने फोन काढला, विचारलं, उत्तर आलं. उत्तरात चॅटबॉटने सगळाच प्रोग्रॅम नव्याने लिहून दिला होता. तो उतरवताना दोन ओळींची समास-जागा चुकली. पायथॉनमध्ये ओळीच्या आधीची मोकळी जागाही अर्थ धरून असते, त्यामुळे खेळ सुरूच होईना. मग पुन्हा फोन. पाऊण तास गेला. चेंडू होता त्याच वेगाने जात राहिला, कारण शेवटी त्याने जुनाच खेळ परत लावला.

दादाच्या मते अडचण ही होती: मुलं चोरी करतात, फोन बंद करा.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी, ताईने हजेरीची वही माझ्यासमोर धरली. पंचवीस हजर. अकरा मुलं येईनाशी झाली होती आणि त्यातली आठ जिल्हा परिषद आणि नगरपालिका शाळांतली होती. कुणी तक्रार केली नव्हती, भांडण झालं नव्हतं. मुलं मुकाट्याने गळली होती. मला वाटलं ऊन, लग्नसराई, मामाचं गाव. बाई म्हणाल्या, "मामाचं गाव ह्याच आठ जणांना कसं काय असतं हो?"

त्या दिवशी मी तीन तास मागे खुर्ची टाकून बसलो आणि फक्त माऊस कुणाच्या हातात आहे ते पाहिलं. घरून आलेल्या चार लॅपटॉपवर माऊस मालकाच्या हातातून एकदाही सुटला नाही. सुटला कसा असता? सूट देऊन आम्हीच त्याला मालक करून ठेवलं होतं. उरलेल्या आठांवरही ज्याच्या घरी संगणक आहे तोच मध्ये बसलेला. कडेची दोघं पहिला दिवस मान वाकडी करून पडद्याकडे पाहतात, दुसऱ्या दिवशी एकमेकांशी बोलतात, चौथ्या दिवशी येत नाहीत.

ही अडचण दादाच्या अडचणीहून वेगळी आहे असं मला तेव्हा वाटलं होतं.

## पर्याय

शुक्रवारी संध्याकाळी वाचनालयाच्या ओट्यावर बैठक बसली. चार सूचना आल्या.

आमचे कार्यवाह, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांचं म्हणणं सरळ होतं: फोन बाहेर पेटीत ठेवा, बाकी वेळापत्रक तसंच चालू द्या. पाच दिवस तर उरलेत.

दादाला दोन तुकड्या हव्या होत्या, हुशार आणि नवशिके. हुशारांना पायथॉन, नवशिक्यांना स्क्रॅच. त्याचा मुद्दा टाकाऊ नव्हता. नववीतल्या तीन मुली स्क्रॅच दोन दिवसांत संपवून खरोखर पुढे जायला बसल्या होत्या. पण तुकड्या पाडल्या असत्या तर कोण कुठे गेलं असतं हे हजेरीच्या वहीवरूनच दिसत होतं. ज्याच्या घरी लॅपटॉप तो हुशार.

तिसरी सूचना माझी होती आणि ती भित्री होती: गळालेल्या मुलांची फी परत करावी आणि उरलेल्या पंचवीस जणांबरोबर नीट काम करावं. हिशेबात बसत होतं. कुणी बोललं नाही तेव्हा माझ्याच लक्षात आलं की आपण काय म्हणून बसलो.

बाई शेवटी बोलल्या. त्यांचं म्हणणं होतं की प्रदर्शन रद्द करा. "दहाव्या दिवशी आईबापांना तयार ॲप दाखवायचंय ना? मग ज्याला येतं त्याच्याच हातात माऊस जाणार. आणि ज्याला येत नाही तो फोनला विचारणार. तुम्ही पोरांना पळायला सांगितलंय आणि आता कुणी रिक्षा केली म्हणून रागावताय."

दोन्ही अडचणींचं मूळ एकच आणि ते आम्ही पत्रकावर ठळक अक्षरात छापलंय, हे त्या संध्याकाळपर्यंत मला दिसलं नव्हतं.

वाद तरीही झाला. प्रदर्शन रद्द केलं तर पालक फसवणूक झाली म्हणतील, हे अण्णांचं म्हणणं आम्हाला नाकारता आलं नाही. शेवटी ठरलं की प्रदर्शन होईल, पण तयार ॲपचं नाही. यंत्र कुठे चुकतं आणि का चुकतं, हे मुलं दाखवतील.

## काय केलं

शनिवारी शिबिराला सुट्टी दिली. बाई आणि ताई स्कूटीवरून अकराही घरी गेल्या. सात मुलं परत यायला तयार झाली. एका आईने बाईंना सांगितलं, "पोरगं म्हणतं, तिथं बघायलाच बोलावलंय." हे वाक्य शिबिराच्या फाईलमध्ये लिहून ठेवलं आहे.

त्याच दिवशी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर मी लिहिलं की पत्रकातलं वाक्य चुकीचं होतं, दहा दिवसांत कुणाचं ॲप होणार नाही, ज्यांना फी परत हवी त्यांनी घ्यावी. मजकूर टाकायच्या आधी अण्णांनी दोनदा विचारलं की नक्की टाकायचं का. दोन कुटुंबांनी पैसे घेतले. दोन्ही घरच्या लॅपटॉपवाली होती, त्यामुळे लॅपटॉप दहा उरले.

सोमवारपासून दोन पाळ्या केल्या, तेही मिसळून, येतं-न येतं असा भेद न ठेवता. नऊ ते साडेदहा आणि पावणेअकरा ते सव्वाबारा. मुलं तीस. पाळीला पंधरा, म्हणजे जास्तीत जास्त दोघांना एक लॅपटॉप, शिवाय दोन राखीव. राखीव हवेच होते, कारण जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या नावालाच होत्या आणि लाईट गेली की तीन-चार पडदे काळे व्हायचे. दर दहा मिनिटांनी बाई शाळेतली पितळी घंटा वाजवायच्या आणि माऊस शेजाऱ्याकडे जायचा. वाक्य अर्धं राहिलं असलं तरी. ज्याचा लॅपटॉप त्याने त्या दिवशी दुसऱ्या लॅपटॉपवर बसायचं, हाही बाईंचाच नियम. पहिल्या दिवशी एक जण रडला.

किंमतही मोजावी लागली. प्रत्येक मुलाचा वेळ तीन तासांवरून दीड तासावर आला. पालकांपैकी निम्म्यांना ते पटलं नाही.

फोन पेटीत गेले. चॅटबॉट एकच ठेवला, प्रोजेक्टरवर, ताईच्या हातात. त्याला दुसरंही कारण होतं. चॅटजीपीटीच्या स्वतःच्याच अटींनुसार तेरा वर्षांखालच्यांनी ते वापरायचं नाही आणि अठराखालच्यांना पालकांची परवानगी लागते. पाचवी-सहावीतली मुलं त्यात बसतच नव्हती. पहिले पाच दिवस हे आमच्यापैकी कुणीच वाचलेलं नव्हतं.

चेंडूवाल्या पाच मुलांना पायथॉन सोडायला लावलं नाही. त्यांना त्यांचाच खेळ कागदावर छापून दिला आणि सांगितलं: प्रत्येक ओळ काय करते ते समोर पेन्सिलीने लिहा. समजत नसेल तिथे प्रश्नचिन्ह. तिसऱ्या दिवशी त्यातल्या एकाने चेंडूच्या पावलाचे दोन आकडे शोधले, एक आडव्या आणि एक उभ्या पावलाचा. ४ चे २ केले आणि चेंडू हळू झाला. तो ओरडला की नाही आठवत नाही, पण बाईंना बोलवायला धावत गेला.

## आंब्याचा दिवस

सातव्या दिवशी टीचेबल मशीन काढलं. उदाहरण काय घ्यायचं? दादाच्या डोक्यात कुत्रा-मांजर होतं. पण मे महिना. मुलांनी घरून आंबे आणले, हापूस आणि पायरी.

सकाळच्या पाळीत एका गटाने काम केलं. पिवळा झगा घातलेल्या मुलीने हापूस हातात धरून कॅमेऱ्यासमोर फिरवला, शंभरेक छायाचित्रं झाली. निळ्या शर्टातल्या मुलाने पायरी धरली, शंभरेक झाली. यंत्र शिकलं. चाचणीत हापूस धरला की "हापूस ९९ टक्के", पायरी धरली की "पायरी ९९ टक्के". टाळ्या पडल्या.

दुसऱ्या पाळीत पिवळा टी-शर्ट घातलेल्या एका मुलाने पायरी उचलली. पडद्यावर आलं: हापूस, ९८ टक्के. त्याने आंबा बदलला, तरी हापूस. मग त्याने आंबा खाली ठेवला आणि रिकामा हात दाखवला. तरीही हापूस.

वर्गात हशा पिकला. हसणं थांबल्यावर सहावीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, ह्याला आंबा दिसतच नाहीये. ह्याला झगा दिसतोय." ही मुलगी परत आलेल्या सात जणांपैकी होती.

ती बरोबर होती. हे साधन कॅमेऱ्यातलं चित्र आक्रसून २२४ बाय २२४ ठिपक्यांचं करतं आणि आधीच लाखो चित्रांवर शिकलेल्या एका गणिती जाळ्यातून (न्यूरल नेटवर्कमधून) गाळून घेतं. आपण दिलेल्या गटांत फरक कशाने पडतो, तेवढंच ते नव्याने शिकतं. हापूसच्या प्रत्येक चित्रात पिवळा झगा होता आणि पायरीच्या प्रत्येक चित्रात निळा शर्ट. चित्राचा मोठा भाग कपड्याने व्यापलेला. आंब्याकडे बघण्याची यंत्राला गरजच पडली नाही.

रिकाम्या हाताचं कारण वेगळं आणि मुलांना जास्त आवडलेलं. यंत्राला आपण दोनच पेट्या दिल्या होत्या. समोर काहीही आलं तरी शंभर टक्के त्या दोन पेट्यांतच वाटून टाकायचे, तिसरीकडे ठेवायला जागा नाही. ९८ टक्के म्हणजे "मी ९८ टक्के बरोबर आहे" असं नव्हे. "मला दिलेल्या दोन नावांपैकी हे हापूससारखं जास्त वाटतं" एवढंच. दादाने हे फळ्यावर समजावलं तेव्हा तो शिबिरात पहिल्यांदाच रंगला होता, आणि चांगलं शिकवत होता.

पुढचे दोन दिवस मुलांनी हेच केलं. आंबा पांढऱ्या पंचावर ठेवला. धरणारे हात बदलले. खिडकीपाशी, ट्यूबलाईटखाली, देठाकडून, चोचीकडून छायाचित्रं घेतली. "काहीच नाही" अशी तिसरी पेटी केली. यंत्र सुधारलं. कुणीतरी केसर आणला आणि ते पुन्हा गोंधळलं. बाजूने धरलेली पायरी तिच्या चोचीमुळे बहुतेक वेळा ओळखू यायची, समोरून धरली की नाही. चॅटबॉटचा वेगळा दिवस ह्यात वाहून गेला. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

## चेहऱ्यांचा प्रश्न

आठव्या दिवशी एका गटाला हजेरी घेणारं यंत्र करायचं होतं, मुलांचे चेहरे ओळखून. कल्पना सुरेख होती आणि आम्ही ती थांबवली. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला मूल मानलं आहे आणि तिची माहिती वापरायला पालकांची खातरजमा करता येईल अशी संमती मागितली आहे. वाचनालयाचं शिबीर त्यात कसं बसतं हा वकिलांचा विषय, पण आमच्या अर्जावर त्याबद्दल एक ओळही नव्हती, हे तर खरंच.

टीचेबल मशीनमध्ये चित्रं मुळात ब्राउझरमध्येच राहतात, आपण जतन केलं नाही तर बाहेर जात नाहीत. पण चौकशी केल्यावर दादा म्हणाला की आदल्या दिवशीचं आंब्याचं काम त्याने स्वतःच्या गूगल ड्राइव्हवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत, ठेवलंय. आंबे धरणाऱ्या मुलांचे चेहरे त्यात आलेच होते. त्याने मुद्दाम केलं नव्हतं. आमच्यासमोर ते पुसून टाकलं. चेहऱ्यांऐवजी त्या गटाने दगड-कागद-कात्री केलं, कॅमेऱ्यात फक्त मनगटापुढचा हात.

## निष्पत्ती

दहाव्या दिवशी एकोणतीस मुलं होती आणि पालक त्याहून जास्त. एक वडील आल्या आल्याच म्हणाले, "आठशे रुपये देऊन चुका बघायला बोलावलंत होय?" त्यांच्या मुलाने त्यांना आंब्याच्या टेबलापाशी नेलं आणि त्यांच्याच हातातली गाडीची किल्ली यंत्राला दाखवली. यंत्राने तिला पायरी ठरवलं. वडील हसले, पण फी वसूल झाली असं त्यांना वाटलं की नाही, मी विचारलं नाही.

एका मुलीचे आजोबा आंब्याचे व्यापारी. त्यांनी दोन्ही फळं देठाशी नाकाला लावली, खाली ठेवली आणि विचारलं, "ह्याला वास येतो का?" नातीने उत्तर दिलं, "नाही. म्हणून तर तुम्ही लागता."

सगळं गोड झालं नाही. नववीतल्या त्या तीन मुलींना शेवटच्या पाच दिवसांत नवं फारसं मिळालं नाही. त्यांनी धाकट्यांना शिकवलं, आम्ही त्यांचं कौतुक केलं, पण एकीने जाताना स्पष्ट सांगितलं की तिला पायथॉन शिकायचं होतं, शिकवायचं नव्हतं. दादाही पुढच्या वर्षी येतो असं म्हणाला नाही. त्याच्या मते आम्ही शिबीर खालच्या पातळीवर आणलं. मी त्याच्याशी सहमत नाही, पण त्या तीन मुलींपुरतं त्याचं बरोबर आहे.

## पुन्हा करायचं झालं तर

लॅपटॉप मोजून मग प्रवेश देईन. दोघांना एक, त्यावर एकही मूल नाही, कुणाचा कितीही फोन आला तरी. सूट देऊन घरचे लॅपटॉप मागवणार नाही. लागलेच तर ते वाचनालयाचे म्हणून नोंदवून घेईन आणि मालकाला दुसरीकडे बसवेन.

पहिला दिवस संगणकाविना घेईन. बाईंनी सहाव्या दिवशी लाईट गेली तेव्हा फरशीवर खडूने चौकटी आखल्या, एका मुलाला यंत्रमानव केलं आणि बाकीच्यांना "दोन पुढे, उजवीकडे वळ" अशा चिठ्ठ्या लिहायला लावल्या. यंत्रमानव भिंतीवर आपटला की चिठ्ठीतली चूक शोधायची. त्या पाऊण तासात जेवढं हाताला लागलं तेवढं पहिल्या तीन दिवसांत लागलं नव्हतं. हे लाईट गेल्यामुळे घडलं, आमच्या नियोजनामुळे नाही.

अर्जावर छायाचित्रांच्या संमतीची वेगळी ओळ असेल, "हो" आणि "नाही" असे दोन चौकोन असलेली. नववी-दहावीसाठी दुपारची वेगळी तुकडी करायची आहे, त्या तीन मुलींसाठी. त्याला माणूस मिळालेला नाही.

एका निर्णयाबद्दल माझं मन अजून ठरत नाही. पाच मुलांचे फोन काढून घेतले ते बरं केलं का? पेन्सिलीचा उपाय फोन हातात असतानाही चालला असता, असं ताईचं मत आहे. चॅटबॉटलाच "ही ओळ काय करते" विचारायला शिकवलं असतं तर कदाचित जास्त उपयोग झाला असता. बाईंना ते पटत नाही. दोघी अजून वाद घालतात.

पुढच्या वर्षीच्या पत्रकाचा मसुदा बाईंनी लिहिलाय: "संगणकाशी ओळख, दहा सकाळी. येताना एक आंबा आणावा." अण्णा म्हणतात की आंबा ठेवा, पण एआय हा शब्द कुठेतरी घाला, नाहीतर कुणी येणार नाही. छपाईला अजून दिलेलं नाही.